शंभर मण्यांची माळ आणि दुसरीचं गणित: एका पेटीबद्दल

आधीच सांगून टाकते. धाकटीसाठी गणिताच्या साहित्याची एक पेटी विकत आणली, तिच्यातली शंभर मण्यांची माळ आणि संख्याकार्डं, एवढ्या दोन वस्तूंनी पैसे वसूल झाले. ठोकळे बरे आहेत, पण त्यांच्यावाचून अडत नाही. खेळातल्या नोटा आणि पुस्तिका नसती तरी चाललं असतं. माळ सुटी मिळत असेल तर सुटीच घ्या.

माझं शिलाईकाम आहे, संगमनेरला, घरातच मशीन. मोठा पाचवीत, धाकटी दुसरीत, दोघंही मराठी शाळेत. अस्तर, लेस, बटणं आणायला पुण्याला रविवार पेठेत जाते, तेव्हा मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात चक्कर होतेच. ही पेटी तिथूनच आणली. धाकटीच्या बाईंनी पालकसभेत सांगितलं होतं की वर्गात मुलं माळेवर गणितं करतात, घरी एखादी असली तर सराव होईल. दुकानाचं किंवा बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही. अशा पेट्या बरेच जण बनवतात, आतला माल उन्नीस-बीस सारखाच असतो, आणि मला बोलायचंय ते माळेचं घरी काय करायचं याबद्दल. कारण ते कुणी नीट सांगत नाही.

माळ दिसायला अगदी साधी. दहा लाल मणी, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे दहा गट. मण्यांवर आकडे नाहीत, आणि नाहीत तेच चांगलं. आकडे छापलेल्या माळाही बाजारात असतात, त्या घेऊ नका. आकडा दिसला की मूल आकडा वाचतं, मण्यांकडे बघतच नाही. बिनआकड्यांच्या माळेवर सत्तेचाळीस दाखव म्हटलं की चार गट सोडायचे आणि पुढच्या गटातले सात मोजायचे. पहिले काही दिवस धाकटी ते सात एकेक करून मोजायची. मग एकदा बघितलं तर तिनं सरळ पन्नासच्या अलीकडे तीन मणी सोडून चिमटा लावला. मी विचारलं, "मोजलेस का?" तर म्हणाली, "तीन कमी होते ना पन्नासला." हे मी शिकवलं नव्हतं, शाळेतही नाही. मण्यांच्या रंगांनी तिला दाखवलं.

चिमटा म्हणजे कपडे वाळत घालायचा. पेटीत प्लास्टिकची छोटी चाप येते, ती मुलांच्या बोटांना उघडत नाही.

आता खरी गोष्ट. आपल्या मराठी आकड्यांची नावं मुलांना किती जड जातात हे ज्यांची मुलं मराठी शाळेत आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. एकवीस म्हणताना एक आधी आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी. बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर: त्यातला दोन प्रत्येक ठिकाणी वेगळा वेष घेऊन येतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे लहान मुलं गणिताला बिचकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मोठा तेव्हा अजून शाळेत जायचा होता, त्यामुळे मी त्या वादाकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. आता धाकटीला शिकवताना नारळीकर बाईंचं म्हणणं शब्दन् शब्द पटतं. पण माझ्या घरी गिऱ्हाईक येऊन "कंबर तीस दोन" असं सांगत नाही, "बत्तीस" म्हणतं. म्हणून आमच्याकडे दोन्ही चालतं. समजून घ्यायला 'तीस आणि दोन', बोलायला 'बत्तीस'.

सगळ्यात जास्त अडायचं ते एकोणवर. मी एकोणसाठ म्हटलं की धाकटी ६९ लिहायची. तिचं चुकत होतं असंही म्हणवत नाही. कानाला साठ ऐकू येतं, म्हणून सहा. शेवटी नऊ असतो हे तिला एकोणीसपासून माहीत, म्हणून पुढे नऊ. एकोणतीसला ३९, एकोणऐंशीला ८९, सगळीकडे तोच हिशोब. वहीवर कितीही वेळा लिहून घेतलं तरी दोन दिवसांत पुन्हा तेच. मग एका संध्याकाळी माळ खिडकीच्या गजांना आडवी बांधली.

"साठ कुठंय?"

सहा गट सोडून तिनं चिमटा लावला.

"आता एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. एक ऊन साठ. चिमटा कुठं जाईल?"

चिमटा एक मणी मागे आला.

"आता डावीकडचे मणी सांग किती."

पाच गट पूर्ण. सहाव्या गटातले नऊ. तिनं बोटानं पाच गटांवर टिचक्या मारल्या, मग नऊ मोजले, आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "पन्नास आणि नऊ. म्हणजे पाच आधी." लगेच स्वतःच एकोणसत्तरवर गेली, मग एकोणऐंशी, मग एकोणनव्वद. नव्व्याण्णवला आली आणि थांबली. "आई, हे एकोणशंभर का नाही?" मी म्हटलं, आपल्याकडे तसं म्हणत नाहीत, पण तुझा प्रश्न बरोबर आहे, उद्या बाईंना विचार. बाईंनी वर्गात सगळ्यांसमोर तो प्रश्न घेतला म्हणे. त्या दिवसापासून एकोणचा गोंधळ जवळजवळ संपला. अधूनमधून होतो, पण मग ती स्वतःच माळेकडे बघते.

याचा पुढचा सराव माझ्या मापांच्या वहीवर झाला. गिऱ्हाईक बायका बसल्या असल्या की मी माप घेते आणि धाकटी लिहिते. छाती छत्तीस, कंबर एकोणतीस, उंची चौदा, दंडघेर अकरा. आधी मी तिच्या मागून वाचून खात्री करते, कारण ब्लाउजचा प्रश्न असतो. बायका कौतुकानं थांबतात, सावकाश बोलतात. आकडे लिहायला शिकवणाऱ्या कुठल्याही कार्यपुस्तिकेपेक्षा हे जास्त उपयोगी पडलं. तुमच्या घरात टेप नसेल, पण दुधाचा हिशोब असेल, गॅसचं बिल असेल, एसटीचं तिकीट असेल. मुलाला बोलून लिहायला सांगा. नुसतं पाहून उतरवायला नको.

वजाबाकीसाठी माळ मला सगळ्यात जास्त आवडली. गावोगावच्या मुलांना वाचन-गणित किती येतं याची असरची पाहणी होते ना, २००५ पासून, त्यात घरी येऊन मुलांना जी वजाबाकी देतात ती दोन अंकी, हातच्याचीच. मुलं अडतात ती तिथंच. शाळेत उभी मांडणी शिकवतात, ती यायलाच हवी. पण उभी मांडणी शिकलेलं मूल ५२ वजा ३८ करताना पुष्कळदा दोनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून दोन काढतं आणि २६ लिहून मोकळं होतं. उत्तर कुठं चुकलं हे त्याला कळायला काही मार्गच नसतो. माळेवर अडतीसला एक चिमटा आणि बावन्नला दुसरा. मधले मणी किती? दोन सरकवले की चाळीस. मग अख्खा एक गट, पन्नास. मग दोन. दोन, दहा, दोन: चौदा. आता वहीत २६ आले तर ती स्वतःच मान हलवते, "एवढे मणी नव्हते मधे."

गंमत म्हणजे हाच हिशोब माझ्या सासूबाई आयुष्यभर करत आल्या. त्या शाळेत गेल्या नाहीत. आठवडी बाजारात भाजी विकायच्या. अडतीसची भाजी आणि पन्नासची नोट आली की "अडतीस, हे दोन, चाळीस, आणि हे धा, पन्नास" म्हणत पैसे हातावर ठेवायच्या. त्यांनी माळ बघितली आणि त्यांना ती आमच्याआधी कळली. मोजतात मात्र विसात. दोन गट मिळून एक विसा, पाच विसा म्हणजे शंभर. धाकटीला आता आजीची भाषाही येते. "तीन विसा आणि पाच" म्हटलं की पासष्टवर चिमटा. सासूबाई गणित शिकवायला बसतात, ही आमच्या घरातली नवी गोष्ट आहे, आणि मला तिचा फार आनंद आहे. 'मला काय येतंय' असं म्हणून आजवर त्या मुलांच्या अभ्यासापासून लांबच बसायच्या.

शंभरातून वजाबाकी तर माळेवर नुसती बघायची. साठावर चिमटा लावला की उजवीकडे चाळीस उरलेले दिसतातच.

एक सूचना, जी पुस्तिकेत नाही. माळ समोर धरून मुलाच्या समोरासमोर बसू नका. तुमचं डावं ते त्याचं उजवं होतं आणि मूल गोंधळतं. एकाच बाजूला बसा. माळेची सुरुवात लाल मण्यांनी होते आणि शेवट पांढऱ्यांनी, म्हणून लाल टोक कायम मुलाच्या डाव्या हाताला ठेवा.

संख्याकार्डांबद्दल. शंभराचं लांब कार्ड, दहाचं त्याहून आखूड, एककाचं सगळ्यात लहान, आणि ती एकावर एक ठेवता येतात. ४०० वर ३ ठेवलं की ४०३ दिसतं. शंभरच्या पुढे गेल्यावर ज्यांची मुलं एकशे पाच म्हणजे १००५ लिहितात त्यांनी हीच कार्डं घ्यावीत. मूल जसं ऐकतं तसं लिहितं: एकशे, मग पाच. १०० चं कार्ड घ्यायला सांगा, त्याच्या शेवटच्या शून्यावर ५ ठेवायला सांगा. शून्य झाकलं जातं पण खाली असतंच, उचलून बघता येतं. पुढे काही समजवावं लागत नाही. लहान वर्गांतल्या मुलांना वाचन-गणित यावं म्हणून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं, त्यात दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात असं उद्दिष्ट आहे. माळ शंभरावर संपते, म्हणून दुसऱ्या सत्रात कार्डंच कामाला येतात. आमच्या पेटीतल्या कार्डांचा कागद पातळ आहे, कोपरे लवकर मुडपले. मी पाठीमागे कॅनव्हास चिकटवला, आता ठीक आहेत.

ठोकळे प्लास्टिकचे. सुटे, दहाचे दांडे आणि शंभराचे पाट. बेरजेला चांगले. वजाबाकीला माझी तक्रार आहे. दशक सुटा करायचा म्हणजे दांडा परत ठेवून दहा सुटे घ्यायचे, अदलाबदल. मोठ्यांना यात काही वाटत नाही, पण धाकटीनं विचारलं, "माझा दांडा गेला कुठं?" तिच्या दृष्टीनं तो गेलाच होता. त्यापेक्षा दहा काड्यांना रबर लावलेला गठ्ठा बरा. रबर काढलं की त्याच दहा काड्या तिच्याच हातात सुट्या होतात. झाडूच्या काड्या एकसारख्या कापून घेतल्या, खर्च काहीच नाही. पेटी बनवणाऱ्यांनी ठोकळ्यांऐवजी जास्त काड्या आणि रबरं द्यावीत असं मला मनापासून वाटतं.

नोटा कागदी, लहान आकाराच्या, पंख्याखाली उडतात. खऱ्या दहाच्या नोटा आणि नाणी घ्या आणि मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवा.

आता माळेच्या दर्जाबद्दल, आणि इथं मी माझ्या धंद्याच्या हक्कानं बोलते. आमच्या माळेचा दोरा बारीक रबरी होता. ताणला की लांबतो, मणी एका जागी राहत नाहीत, चिमट्याच्या दोन्ही बाजूंना फटी पडतात. त्यावर मोजणीच होऊ शकत नाही. काही आठवड्यांत तो मधेच तुटला. मण्यांची भोकं आतून खरबरीत होती, तिथंच घासला. मी पडद्याच्या पट्टीला लावतात तशी न ताणणारी नायलॉनची दोरी घेतली, टोक काडीवर जाळून टोकदार केलं, पुन्हा ओवली. ओवताना धाकटीनं दहा-दहा मोजून दिले, तो वेगळाच सराव झाला. दोन्ही टोकांना घट्ट गाठ आणि वीतभर दोरी मोकळी ठेवा. मोकळी जागा नसली तर मणी सरकत नाहीत, आणि मणी सरकले नाहीत तर 'हे झाले, हे राहिले' असं वेगळं करता येत नाही. विकतच्या कित्येक माळांत ही मोकळी जागा सोडलेलीच नसते.

पुस्तिकेवर माझा खरा राग आहे. ती सगळी शिक्षकांसाठी लिहिलेली आहे. 'मुलांचे गट करा', 'फळ्यावर लिहा', 'प्रत्येक गटाला एक माळ द्या'. घरात एकच मूल, एकच माळ आणि स्वयंपाक चुलीवर, त्या आईनं काय करायचं याची एक ओळ नाही. पेटी पालकांना विकायची तर पालकांसाठी दोन पानं लिहायला काय हरकत होती? जे वाचायला मिळायला हवं होतं ते मला धाकटीच्या बाईंनी दारात उभ्या उभ्या सांगितलं: उत्तर सांगू नका, माळ हातात द्या. आणि उत्तर बरोबर आलं तरी विचारा, "कसं काढलंस?" चुकल्यावरच विचारलं की मुलाला कळतं, आई विचारतेय म्हणजे चुकलं. मग ते सांगायच्या ऐवजी पुसायला लागतं. बरोबर असतानाही विचारत गेलं तर सांगायची सवय लागते. माझ्या अनुभवानं यात तसूभरही अतिशयोक्ती नाही.

त्यात माझी एक भर. माळेची वेळ आणि गृहपाठाची वेळ एक करू नका. आम्ही भाकरी होईपर्यंत खेळतो, दहा-पंधरा मिनिटं. तिला कंटाळा आला की माळ खिडकीवर. एका संध्याकाळी सगळं उरकायच्या मागे लागलं की मूल माळेचाही तिरस्कार करतं.

मोठा पाचवीत असूनही माळेवर हात मारून जातो. पाढे त्याला पाठ आहेत, पण तीन पंचे पंधरा आणि पाच त्रिक पंधरा एकाच चिमट्यावर येतात हे त्यानं माळेवर पहिल्यांदा पाहिलं आणि पुढे स्वतःच सगळी जोडपी शोधत बसला. तिसरीपुढच्या मुलासाठी मात्र मुद्दाम पेटी घेऊ नका. पहिलीच्या मुलाला वीस मण्यांची माळ पुरते, पाच-पाचच्या दोन रंगांत, आणि ती घरीच करा.

घरी करण्यात कमीपणा काही नाही. माझी आई अंगणवाडी सेविका होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं नाव मी लहानपणापासून तिच्या तोंडून ऐकलंय. बोर्डीला १९४५ साली आणि पुढे कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा माँटेसरीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं. त्यांनी खडे, शिंपले, बिया, पानं घेतली आणि त्यातूनच मोजणी, रंग, आकार शिकवले. आई अंगणवाडीत चिंचोके वापरायची. माळेचं मर्म मण्यांच्या किमतीत नाही, दहा-दहाच्या दोन रंगांत आहे. एकाच आकाराचे दोन रंगांचे शंभर मणी आणि दोरी तुमच्या गावच्या कटलरीच्या दुकानातही मिळेल. वेळ असेल तर तेच करा.

विकतच आणणार असाल तर दुकानात तीन गोष्टी बघा. दोरा ताणून बघा, लांबला तर नको. मणी एका टोकाला सरकवून बघा, दुसऱ्या टोकाला मोकळी दोरी दिसली पाहिजे. आणि लाल-पांढरे गट तिथंच मोजा. माझ्या भावजयीनं आणलेल्या माळेत सातव्या गटात अकरा मणी निघाले, आणि तिचा मुलगा आठवडाभर बहात्तरला एकाहत्तर म्हणत होता.